बोली भोपळ्यावर लावा, बाजरीवर नको

पावसाळा सरत आला की मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समूहांमध्ये, हंगामाच्या सणाची तयारी सुरू होते आणि तिच्यासोबत एक जुना वादही डोकं वर काढतो. लोकांनी देवाला अर्पण केलेल्या धान्याचा आणि वस्तूंचा उपासनेनंतरचा लिलाव ठेवायचा की बंद करायचा? एक बाजू म्हणते, देवाच्या घरात ‘एकवार, दोनवार, तीनवार’ शोभत नाही. ज्याच्या खिशात पैसा त्याचा मोठेपणा दिसतो, आणि ज्या व्यासपीठावरून विधवेच्या दोन दमड्यांची गोष्ट सांगितली त्याच्याच पायथ्याशी साठ रुपयांचा भोपळा तीन हजारांना जातो. दुसरी बाजू म्हणते, हे बापजाद्यांपासून चालत आलंय, मंडळीचा वर्षाचा खर्च यातूनच निघतो, आणि वर्षातून एक दिवस लोक हसतखेळत देतात तर तुमच्या पोटात का दुखतं? पावित्र्य विरुद्ध परंपरा असं हे भांडण लावून दोघेही मोकळे होतात. वेदीपुढे सकाळी आलेलं धान्य संध्याकाळपर्यंत नोटा का होतं आणि त्यात मंडळीच्या हातून कोणतं काम निसटतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं असं. लिलाव राहू द्या. भोपळा, केक, विणलेला रुमाल, शब्बाथ शाळेतल्या, म्हणजे चर्चच्या रविवारच्या वर्गातल्या, पोरांनी रंगवलेली चित्रं, यांवर खुशाल बोली लावा. पण धान्य, कडधान्य, भाजी, फळं, म्हणजे ज्यानं कुणाचं तरी पोट भरतं, ते लिलावात काढू नका. ते मोजा, वहीत लिहा आणि वाटा. पैसा सांभाळायला एक खजिनदार आणि एक पावतीपुस्तक पुरतं. सहा-सात क्विंटल धान्य निवडायला, वाळवायला, बांधायला आणि पोचवायला पंचवीस-तीस माणसं लागतात. ‘तरुण मंडळीत येत नाहीत’ अशी तक्रार वर्षभर करणाऱ्यांनी, हाताला देण्यासारखं जे एकमेव काम या सणात आपोआप तयार होतं, ते एका दुपारच्या आरडाओरड्यात विकून टाकावं?

लिलावविरोधकांचं आवडतं शस्त्र म्हणजे बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 21व्या अध्यायातलं मंदिराचं शुद्धीकरण, येशूनं तिथल्या व्यापाऱ्यांना हाकलून दिलं तो प्रसंग. ते इथे लागू पडत नाही. मंदिराच्या आवारातले सराफ आणि कबुतरं विकणारे अर्पण करायला आलेल्या माणसाच्या गरजेवर धंदा करत होते. आपल्या लिलावात घेणारा राजीखुशीनं जास्त मोजतो आणि पैसा कुणाच्या खासगी खिशात जात नाही. उलट लिलाववाल्यांकडे शास्त्राचा एक भक्कम आधार आहे, आणि नवल म्हणजे तो ते कधी वापरत नाहीत. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 14व्या अध्यायात स्पष्ट सांगितलंय की पवित्रस्थान फार दूर असेल तर दशमांशाचं धान्य विकावं, रुपं, म्हणजे पैसा, गाठीला बांधावं आणि तिथे जावं. म्हणजे अर्पणाचा पैसा करणं मुळात पाप नाही. पण तोच उतारा पुढे वाचा. तिथे पोचल्यावर त्या पैशाचं पुन्हा खाणंपिणं घ्यायचं आहे, घरादारासह आनंदानं जेवायचं आहे, लेव्याला, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्याला, विसरायचं नाही. आणि दर तिसऱ्या वर्षी तर धान्य गावातच साठवायचं, म्हणजे परदेशी, पोरके आणि विधवा येऊन पोटभर जेवतील. पैसा हा तिथे वाटेतला सोयीचा टप्पा आहे. आपल्याकडे मंडळी घरापासून दोन किलोमीटरवर आणि धान्य थेट दाराशी आलेलं. मग त्याचा पैसा करण्याचं कारण काय?

परंपरेचंही तसंच. पीक आल्यावर देवाला पहिला वाटा देणं जगभर जुनं आहे, पण चर्च सजवून, स्तोत्रं गाऊन, शरद ऋतूतल्या एका रविवारी हा सण करण्याची जी पद्धत मिशनऱ्यांबरोबर आपल्याकडे आली, तिचं आजचं रूप साधारण 1843पासूनचं आहे. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या मॉरवेन्स्टो गावचे पाळक रॉबर्ट स्टीफन हॉकर यांनी त्या वर्षीच्या 1 ऑक्टोबरला, रविवारी, गावकऱ्यांना बोलावलं ते नव्या धान्याच्या भाकरीनं प्रभुभोजन घ्यायला. त्या बोलावण्यात लिलावाचं नाव नव्हतं. आज इंग्लंडमधल्या कितीतरी चर्चेसमध्ये हार्वेस्टचं अर्पण थेट स्थानिक फूड बँकेत, म्हणजे गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या केंद्रात, जातं. ट्रसेल या संस्थेची पहिली फूड बँक सॉल्सबरीत 2000 साली सुरू झाली. तिथे चर्चचे स्वयंसेवक डबे तारखेप्रमाणे लावतात, पण कुणाला द्यायचं हे ते ठरवत नाहीत. डॉक्टर, समाजसेवक किंवा शाळा गरजू माणसाला चिठ्ठी देऊन पाठवतात. ही चिठ्ठीची युक्ती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडे मुंबई-वसईच्या किनाऱ्यावर ईस्ट इंडियन हा तिथला मूळचा ख्रिस्ती समाज ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा हा सुगीचा सण साजरा करतो. भाताच्या लोंब्या मिरवत आणतात, फादर त्यांना आशीर्वाद देतात आणि लोक त्या घरी नेतात. शेतं इमारतींखाली गेली तिथे लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात, तरी सण टिकला. कारण शेत गेलं तरी मिरवणूक काढायला, लोंब्या बांधायला, जेवण रांधायला माणसं लागतात आणि गावठाणातली माणसं ती कामं आपसात वाटून घेतात.

आता पैशाचा मुद्दा, आणि तो खोटा नाही. पाळकांचा पगार, धर्मप्रांताला द्यायचा वाटा, विजेचं बिल, गळकं छप्पर. ज्या मंडळीत चाळीस घरं आहेत आणि त्यांतली पंधरा दशमांश देतात, तिथे लिलावाची रक्कम ही चैन नव्हे. पण गेल्या वर्षीची लिलावाची वही उघडून एकदा नीट बघा, मोठ्या बोली कशावर लागल्या? बाजरीच्या पोत्यावर कधीच नाही. पन्नास किलोच्या पोत्याचा बाजारभाव सगळ्यांना पाठ असतो. चौदाशेचं पोतं कुणी फार तर सतराशेला घेईल, कित्येकदा पडत्या भावातही सुटतं. बोली चढते ती ज्याला भावच नाही अशा वस्तूवर: पाळकीणबाईंनी केलेला केक, पहिल्या वेताच्या शेळीचं करडू, भावाभावांनी एकमेकांना चिडवत चढवत नेलेला तो भोपळा. धान्याची दहा पोती लिलावातून बाहेर काढली तर चौदा-पंधरा हजारांची खोट येईल. ती भरून काढायला भोपळ्याच्या पाच बोली पुरेत.

आणि त्याच वहीत आणखी एक रकाना पाहा: बोली लागली पण पैसे आले नाहीत. ‘पगार झाला की देतो’ म्हणून घरी नेलेल्या वस्तूंची बाकी पुढच्या सणापर्यंत लोंबकळते, खजिनदार मागायला संकोचतो आणि ताळेबंदात ती रक्कम निर्लज्जपणे ‘येणे’ म्हणून उभी राहते. ज्यांना खरोखर मंडळीच्या तिजोरीची काळजी आहे त्यांनी आधी हे भोक बुजवावं. वस्तू हातात देण्यापूर्वी रोख किंवा फोनवरून पैसे, आणि तिथेच पावती. इतकं केलं तरी बाजरीची खोट निघून जाईल. बहुतेक मंडळ्या किंवा त्यांच्या वरच्या संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या आहेत. हिशेब तपासनिसापुढे न्यायचाच असतो. मग वस्तुरूपानं आलेल्या अर्पणाची नोंदही पैशाइतकीच काटेकोर हवी.

धान्य सडतं, किडतं, आणि मंडळीकडे कोठार नाही, हा आक्षेप शेती सोडून दोन पिढ्या झालेल्या शहरी मंडळीत जास्त ऐकू येतो. बरोबर आहे, आणि तो नुसत्या भावनेनं खोडता येत नाही. त्याला कामाची पद्धत लागते.

पहिला नियम: पाच घरची बाजरी एका ढिगात ओतू नका. परतीच्या पावसात सापडलेलं एका घरचं ओलं धान्य बाकीच्या चार घरचं गरम करून घालवतं. प्रत्येक पोत्यावर घर, धान्य आणि तारीख यांची चिठ्ठी हवी. मग दाणा दाताखाली धरून पाहायचा. ‘कट्’ करून फुटला तर वाळलेला. चेपला तर ओलावा आहे. ओलं असेल ते ताडपत्रीवर दोन बोटं जाडीचा थर पसरून ऑक्टोबरच्या उन्हात दोन-तीन दिवस वाळवायचं, तासा-तासानं हात फिरवायचा, आणि संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करून झाकायचं. इथे हमखास चूक होते ती अशी की उन्हातलं गरम धान्य तसंच पोत्यात भरतात. ते आत घामेजतं आणि आठवड्यात कुबट वास सुटतो. गार होऊ द्या, मग भरा. पोती जमिनीवर टेकवू नका. खाली लाकडी फळ्या आणि भिंतीपासून वीतभर अंतर. कडुलिंबाचा पाला टाकायचा असेल तर सावलीत पूर्ण वाळवलेला, ओला पाला कीड थांबवण्याऐवजी बुरशी आणतो. आणि दुकानातून धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या आणण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्यातून निघणारा वायू बंद खोलीत माणूस मारतो, आणि आपली खोली बहुधा शब्बाथ शाळेचीच असते.

भाजीफळांचं घड्याळ निराळं. मेथी, शेपू, कोथिंबीर दुपारी दोनच्या आत चर्चबाहेर पडली पाहिजे. केळी त्याच दिवशी. देठ शाबूत असलेला भोपळा दोन-तीन महिने टिकतो, त्याची घाई नको. शिजवलेलं अन्न वाटपात घेऊच नका, ते तिथल्याच प्रीतिभोजनात संपवा. कोंबड्यांना पाय बांधून उपासनाभर उन्हात टाकून ठेवण्याची पद्धत तर आजच बंद व्हावी. सावली, पाणी, आणि लिलावात पहिला नंबर.

पीठ करून द्यावं असंही कुणीतरी सुचवतं. बाजरीचं करू नका. आठ-दहा दिवसांत ते कडवट होतं. दाणेच द्या आणि गिरणीवाल्याशी बोलून दळणाचे पैसे मंडळीच्या खात्यात लावा, कारण घरी दाणे आहेत पण दळणाला पैसे नाहीत अशी घरं असतात.

पण आता सगळ्यात अवघड आक्षेप. चर्चनं धान्य वाटलं की ‘प्रलोभन’, म्हणजे धर्मांतरासाठी दाखवलेलं आमिष, हा शब्द येतो. आजच्या वातावरणात तो नुसता टोमणा राहत नाही, पोलीस ठाण्यापर्यंत जाऊ शकतो. ‘कशाला नसती आफत? पैसे करा, मंडळीच्या कामाला लावा, विषय संपला.’ असं म्हणणाऱ्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना भित्रे म्हणण्यात अर्थ नाही. त्यांच्या भीतीला इतिहास आहे. 1876 ते 78चा आणि नंतर 1899-1900चा दुष्काळ, या वर्षांत अनेक मिशनांच्या पटावर सभासद झपाट्यानं वाढले. त्यांतल्या कितीजणांच्या मनात श्रद्धा होती आणि कितीजणांच्या पोटात भूक, हे आज कुणी सांगू शकणार नाही, पण संशय हवेतून आलेला नाही. तो मान्य करूनच पुढे जायला हवं.

पण त्याच महाराष्ट्रात दुसरंही उदाहरण आहे. 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात जालना आणि सोलापूर इथल्या मिशनच्या माणसांनी खडकात विंधणविहिरी घेतल्या आणि वारंवार मोडणारे ओतीव लोखंडाचे हातपंप बाजूला ठेवून टिकाऊ पंप बनवले. त्यांतल्या सोलापूर पंपाच्या धर्तीवर पुढे ‘इंडिया मार्क दोन’ हा हातपंप तयार झाला आणि देशभर, देशाबाहेरही पोचला. त्या पंपाला प्रलोभन कोण म्हणेल? दांडा हलवणाऱ्याला पंप काही विचारत नाही, हे त्याचं मोठं भाग्य. धान्यवाटपाची पद्धत या अंगानं घडवता येते. वाटपाच्या वेळी पत्रक नाही, प्रार्थना नाही, घेणाऱ्याचा फोटो नाही, पिशवीवर मंडळीचं नाव नाही. आणि यादी मंडळीनं करायची नाही. अंगणवाडीसेविका, शाळेचे मुख्याध्यापक, सरकारी दवाखान्यातले समाजसेवक यांनी चिठ्ठी द्यावी, मंडळीनं पिशवी द्यावी. सॉल्सबरीची युक्ती ती हीच. हे नियम मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या ठरावात लेखी घ्या. उद्या कुणी विचारलं तर कागद पुढे करता येतो. तरीही बोट दाखवणारे दाखवतील. तेवढ्यासाठी दान गोठवायचं असेल तर मग हातपंपही बसवायला नको होते.

कुणाला काय द्यायचं, यातही विचार हवा. अन्नसुरक्षा योजनेतल्या शिधापत्रिकेवरच्या कुटुंबाला जानेवारी 2023पासून गहू-तांदूळ फुकट मिळतो. त्या घरात आणखी गहू नेऊन टाकणं हे आपलं समाधान. तिथे तूरडाळ, शेंगदाणे, गूळ, तेल हवं, आणि हे सणाच्या दोन रविवार आधी जाहीर केलं तर लोक आणतातही. धान्य लागतं ते रेशनच्या बाहेर राहिलेल्यांना: बांधकामावर परगावाहून आलेले, अंगठ्याच्या रेषा झिजल्यानं दुकानातल्या यंत्रानं नाकारलेले म्हातारे. पाच माणसांच्या घराला रोज पावणेदोन-दोन किलो धान्य लागतं, म्हणजे आठवड्याला बारा ते चौदा किलो. दोन किलोची शोभेची पिशवी दिली तर दीड दिवसही निघत नाही. सण आणि साखर कारखान्यांचा हंगाम पुष्कळदा एकाच वेळी येतात. नगर, सातारा, कोल्हापूरकडे बीड-जालन्याहून येणारे ऊसतोड कामगार बहुधा घरून बाजरीचं पोतं घेऊनच निघतात. त्यांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, बाजरी नेण्याआधी मुकादमाला नव्हे, बायकांना विचारा काय हवंय. उत्तर डाळ, तेल, पोरांना स्वेटर असं येईल.

राहता राहिला ‘माणसं कुठून आणायची’ हा प्रश्न. माणसं मिळत नाहीत याचं अर्धं कारण आपली हाक मारण्याची रीत आहे. ‘ज्यांना इच्छा असेल त्यांनी शनिवारी यावं’ अशी घोषणा झाली की प्रत्येकाला वाटतं दुसरा जाईल, आणि शनिवारी झाडू हातात घेऊन चर्चचा राखणदार एकटा उभा असतो. यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतं अशी तक्रार आली तेव्हा प्रेषितांनी सर्वसाधारण आवाहन केलं नाही. मंडळीला सात माणसं निवडायला लावली, आणि प्रेषितांची कृत्ये 6मध्ये त्या सातांची नावं नोंदलेली आहेत. काम, वेळ आणि नाव, तीनही कागदावर हवीत. शनिवारी सकाळी नऊ ते अकरा ऊस आणि कणसं बांधायला चौघं. रविवारी उपासनेच्या आधी वजनकाट्यावर दोघं, आणि ती दोघं एका घरची नकोत. प्रेषित पौलानं यरुशलेमसाठीची वर्गणी आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी माणसं देऊन पाठवली ती ‘कुणी दोष देऊ नये’ म्हणून. आपण काही पौलापेक्षा विश्वासू नाही. निवडण-टिपणाला स्त्रीमंडळ ठरलेलंच असतं, तिथे यंदा पुरुषांचीही नावं घाला. सोमवार ते बुधवार वाळवणावर हात फिरवायला निवृत्त मंडळी, कारण तेच दुपारी घरी असतात. दुचाकी असलेल्या तरुणांना शनिवारची पोचवणी. एका माणसाला दोन तासांहून जास्त काम दिलं तर पुढच्या वर्षी तो येत नाही.

मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन मंडळीत 1910पासून ‘बुहफाई थाम’ चालतं. स्वयंपाकाला तांदूळ घेताना बाई एक मूठ बाजूला काढते, आणि मंडळीतल्या बाया घरोघर जाऊन ते गोळा करतात. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहं चालवायला मुष्टिफंड उभा केला तो याच जातीचा. लिलाववाले इथे मला अडवतील की मिझोरामचा तांदूळही शेवटी विकलाच जातो. जातो. पण तो विकण्याआधी घरोघरच्या दारातून गोळा करणारे हात वर्षभर कामाला लागलेले असतात, आणि कुणाची मूठ मोठी हे माइकवरून पुकारलं जात नाही. आपल्या लिलावात बोलीचा तमाशा अर्ध्या तासाचा आणि काम शून्य.

वीस घरांच्या खेड्यातल्या मंडळीला हे सगळं झेपणार नाही, हे खरं. दोन-तीन पोतीच जमणार असतील तर वाळवण, फळ्या, वहीचा एवढा व्याप कशाला? अशा मंडळ्यांनी शेजारच्या दोघी-तिघींशी मिळून एकच ताडपत्री, एकच वजनकाटा ठेवावा आणि सण लागोपाठच्या रविवारी घ्यावेत, म्हणजे तेच आठ-दहा तरुण तीन ठिकाणी पुरतात. त्यासाठी तारखा पंचांच्या ऑगस्टच्या बैठकीत ठरवाव्या लागतील. सप्टेंबर उजाडला की प्रत्येकाची पत्रिका छापून झालेली असते.